मुदतीआधी निवृत्ती घेतली, मग पुढचं काम कसं निवडलंत?

जोडारी

नमस्कार मंडळी.

३१ जानेवारी २०२० ला मी बीएसएनएलमधून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलो. वय छप्पन्न, नोकरी तेहेतीस वर्षं. हुद्द्याची नावं बदलत गेली, काम मात्र एकच राहिलं: केबल जोडणं. त्या एका दिवशी देशभरात आमच्यातले ७८ हजारांहून जास्त लोक घरी गेले, एमटीएनएलचे धरले तर ९२ हजारांच्या वर. आमच्या तालुक्यात कुठल्याही गावात गेलं तरी त्यातला एखादा भेटतोच, आणि भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "मग, सध्या काय चाललंय?"

धागा काढायला निमित्त झालं भाच्याचं. त्याच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना लागली आहे. वय एकोणपन्नास. त्याने मला तीन पर्याय लिहून पाठवले: पनीरचं युनिट, कुठल्याशा चहाची फ्रँचायझी आणि गावाकडे पॉलिहाऊस. प्रत्येकापुढे भांडवल किती, कर्ज किती, परतावा किती वर्षांत, सगळं व्यवस्थित मांडलेलं. मी दोनदा वाचलं. त्यात एक गोष्ट कुठेच नव्हती. सकाळी उठल्यावर हा स्वतः काय करणार आहे?

हे मला लगेच दिसलं, कारण हीच चूक मी केली होती.

आमच्या योजनेत झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा पगार असं सानुग्रह अनुदान होतं. पेन्शन चालू झाली, पण तिचं अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं, साठ पूर्ण झाल्यावरच मिळणार होतं. म्हणजे हातात जे आलं ते हे अनुदानच. आयुष्यात एवढी रक्कम एकदम पासबुकात कधी पाहिली नव्हती. त्यातले चार लाख मी एका ओळखीच्या माणसाच्या पाण्याच्या जारच्या प्लांटमध्ये घातले. गिऱ्हाईक कोण, तर तालुक्यातली ऑफिसं आणि मंगल कार्यालयं. २५ मार्चला देश बंद झाला. दोन्ही गिऱ्हाईकं एका दिवसात गेली. दीड वर्षाने प्लांट विकला तेव्हा माझ्या वाट्याला सत्तर हजार आले.

पैसे गेल्याचं दुःख झालं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त खुपलं ते वेगळंच. प्लांट चालला असता तरी तिथे माझं काम काय होतं? खुर्चीत बसून वहीत जार मोजायचे. तेहेतीस वर्षं ज्या हातांनी शंभर जोड्यांची केबल खड्ड्यात बसून जोडली, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा हा तारांच्या रंगांचा क्रम ज्यांना डोळे मिटून पाठ आहे, त्या हातांना मी वही धरायला लावली होती.

मधमाश्या माझ्याकडे आल्या त्या जुन्या केबलच्या पिलरमधून. पिलर म्हणजे रस्त्याकडेची केबल जोडायची लोखंडी पेटी. ही बंद पडलेली होती, आमच्या वाडीच्या फाट्यावरची. आत सातेरी या देशी मधमाश्यांनी पोळी लावली होती. नोकरीत अशी पोळी आम्ही कित्येकदा पाहिली. पिलरमध्ये, खांबावरच्या डीपीत, म्हणजे तारा जोडायच्या डब्यात, झाकणाच्या फटीतून आत जाऊन बसायच्या. लाइन चालू करायची घाई असायची, मग रॉकेलचा बोळा पेटवायचा आणि कामाला लागायचं. किती वसाहती अशा जाळल्या असतील, आता मोजायचा प्रयत्न केला तर झोप लागत नाही.

या वेळी गावातल्या कुणीतरी जावळीकडच्या एका मधपाळाला बोलावलं. मी नुसता बघायला उभा होतो. त्याने हातमोजे घातले नाहीत. थोडा धूर दिला, थांबला, एकेक पोळं चाकूने अलगद सोडवलं, लाकडी चौकटीत बसवलं आणि केळीच्या सोपटाच्या दोऱ्याने बांधलं. गाठ अशी, की पोळं हलणार नाही आणि कोठ्यातली पिल्लंही चिरडणार नाहीत. मध्येच थांबून त्याने बोटाने दाखवलं, ती बघा राणी. लांब, थोडी काळपट, आजूबाजूच्या सगळ्या तिच्याकडे तोंड करून. ती पेटीत गेली आणि पाच-दहा मिनिटांत बाहेर उडणाऱ्या माश्या रांगेने तिच्यामागे आत जायला लागल्या.

घट्ट आणि हलकी अशी एकाच वेळी बांधायची ती गाठ बघताना माझी बोटं आपोआप हलत होती. घाई केली की काम बिघडतं, ही अक्कल मला शिकवावी लागणार नव्हती. मी त्याला तिथेच विचारलं, "दादा, मी येऊ का तुमच्याबरोबर?" तो माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "उद्या सातला या. पेट्या उचलाव्या लागतील."

एक वर्ष मी त्याचा हेल्पर होतो. पैसे घेतले नाहीत, दिले नाहीत. पेट्या उचलल्या, पावसाळ्यात संध्याकाळी साखरेचा पाक ठेवला, स्टँडच्या पायाखालच्या वाट्यांत मुंग्या चढू नयेत म्हणून पाणी भरलं. पाक दिवसा ठेवला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात, हे कळायला एक पेटी गमवावी लागली. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध संचालनालयात दहा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. त्यानंतर स्वतःच्या दोन पेट्या. त्यातली एक वसाहत पळून गेली, दुसरीत मेणकिडा पडला. मग पुन्हा दोन. मधकेंद्र योजनेत निम्मं अनुदान मिळतं, त्यातून दहा झाल्या. आज चाळीस आहेत.

हिशेब उघड सांगतो, कारण यूट्यूबवर लाखांच्या गोष्टी फार चालतात. सातेरीची पेटी चांगल्या वर्षी पाच किलो देते, वाईट वर्षी दोन. जांभूळ, हिरडा, गेळा फुलतो त्या उन्हाळ्यात एक हंगाम, पावसाळा सरल्यावर दुसरा. कांद्याचं बी धरणारे शेतकरी परागीभवनासाठी पेट्या भाड्याने नेतात, त्याचे थोडे. सगळा खर्च जाऊन वर्षाला लाखाच्या आसपास सुटतात. घर पेन्शनवर चालतं. हा लाख नसता तरी चाललं असतं. पण सकाळी सातला मी घराबाहेर असतो आणि माझी कुठेतरी वाट बघितली जाते.

तर ज्यांनी पन्नाशीत किंवा त्याआधी नोकरी सोडून दुसरं काम धरलं, त्यांनी लिहा. धंद्याचं नाव थोडक्यात चालेल. दिवस कसा जातो ते सविस्तर सांगा, आणि ते काम तुम्ही कुणाच्या हाताखाली शिकलात तेही.

पाऊलवाट

काका, लेख दोनदा वाचला. मी सत्तेचाळीस, हिंजवडीत आहे, बावीस वर्षं सॉफ्टवेअर. आमच्याकडे योजना वगैरे नसते, एक दिवस मीटिंगला बोलावतात आणि लॅपटॉप ठेवून जायला सांगतात. माझ्या टीममधल्या दोघांचं असं झालं. म्हणून आधीच ठरवून बाहेर पडायचं मनात आहे.

अडचण अशी, की तुमच्या हातांना केबलची सवय होती. माझ्या हातांना कीबोर्डशिवाय काही माहीत नाही. मी कशावरून ओळखायचं? आणि पेन्शन नसताना एक वर्ष फुकट हेल्पर होणं मला परवडेल का, हाही प्रश्न आहे. मुलगी बारावीत आहे.

ओसरी

पाऊलवाट, आधी तुमच्या पैशाच्या प्रश्नाचं बघू, कारण मी बँकेतली.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत अठ्ठावीस वर्षं काढली आणि बावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. बँकेत वीस वर्षं सेवा झाली असेल तर स्वेच्छानिवृत्तीनंतरही पेन्शन बसते, म्हणून मला धाडस करता आलं. तुमच्या बाबतीत पीएफमधली जी पेन्शन आहे ती दहा वर्षं भरली असतील तर अठ्ठावन्नला पूर्ण मिळते. पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण अठ्ठावन्नच्या आधीच्या प्रत्येक वर्षाला चार टक्के कमी होऊन, आणि ती कपात कायमची. रक्कम मुळात लहान, त्यात कपात. तिच्या भरवशावर बाहेर पडू नका. मुलीच्या शिक्षणाचे पैसे वेगळे काढून ठेवा, घरखर्चाचे दोन वर्षांचे वेगळे, आणि मग उरेल त्यातून विचार.

जोडारी काकांच्या भाच्यासाठीही दोन गोष्टी. स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईवर पाच लाखांपर्यंत आयकर माफ आहे, पण आयुष्यात एकदाच, आणि त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत नोकरी धरायची नाही ही अट आहे. बाहेर पडून त्याच मालकाच्या भावकंपनीत सल्लागार म्हणून जायचा बेत असेल तर आधी सीएला विचारा. दुसरं, ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठ वर्षांनंतरची असते, पण पंचावन्न ते साठमध्ये निवृत्ती घेतलेल्यांना निवृत्तीचे पैसे तीत ठेवता येतात. पैसे हातात आल्यापासून पूर्वी एकच महिना मुदत होती, नोव्हेंबर २०२३ पासून तीन महिने आहे. मर्यादा ३० लाख. भाचा एकोणपन्नासचा, त्याला लागू नाही, पण हा धागा वाचणाऱ्या कुणाला तरी लागेल.

आता माझं. मी वकील झाले.

लोक विचारतात, पन्नाशीनंतर सनद मिळते का? मिळते. पंचेचाळीस वर्षांवरच्यांची नोंदणी रोखणारा बार कौन्सिलचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच रद्द केला. तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली, वर्गात बसले. शेजारच्या बाकावर माझ्या मुलीपेक्षा लहान मुलं. पहिल्या सहामाहीत एका विषयात नापास झाले, कारण मी उत्तरं बँकेच्या पत्रासारखी लिहीत होते, मुद्द्यापुरती. परीक्षेला कलम, निवाडा, विवेचन सगळं मांडावं लागतं. ते एका तेवीस वर्षांच्या मुलीने मला शिकवलं, वाचनालयाच्या पायरीवर बसून. तिच्यामुळे मी पास झाले.

सनद घेतल्यावर ज्यांच्याकडे शिकायला गेले ते सीनियर चौतीस वर्षांचे होते. पहिले आठ महिने मी फक्त तारखा घेतल्या. बोर्डावर आपलं प्रकरण कितव्या नंबरला आहे ते बघायचं, पुकारा झाला की उभं राहायचं, "सर दुसऱ्या कोर्टात आहेत, थोडा वेळ द्यावा" असं सांगायचं, रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद, उतरवून घ्यायचा. शाखाधिकारी असताना माझ्या केबिनबाहेर लोक थांबायचे. आता मी कॉरिडॉरमध्ये थांबते. पहिल्या महिन्यात हे जड गेलं. घरी येऊन रडलेही एकदा.

मग एक दिवस चेक न वटल्याचं प्रकरण आलं. कलम १३८. एका पिठाच्या गिरणीवाल्याचे तीन लाख अडकले होते. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात घेतल्याबरोबर मला तारखा दिसल्या. मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पंधरा दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत तक्रार. त्याचा सव्विसावा दिवस चालू होता आणि त्याला वाटत होतं, अजून भरपूर वेळ आहे. मी त्याच दुपारी नोटीस तयार करून रजिस्टर एडीने पाठवली. पोस्टाची पावती त्याच्या हातात दिली तेव्हा त्याने ती कपाळाला लावली. अठ्ठावीस वर्षं मी असे मेमो दुसऱ्या बाजूने छापून देत होते. ते हातात पडल्यावर माणसाचं पुढे काय होतं, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

पाऊलवाट, म्हणून तुमच्या "कशावरून ओळखायचं" याला माझं उत्तर असं आहे. तुमच्या आत्ताच्या कामात तुम्ही कुठे थांबता आणि पुढचं कुणीतरी दुसरा करतो, ती जागा शोधा. माझ्या बाबतीत ती जागा मेमोनंतरची होती.

झुंजूमुंजू

ओसरीताई, वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

मी निवृत्त झालेली नाही, मी निवृत्त झालेल्याची बायको आहे. हे पिंपरीत मोठ्या कारखान्यात टर्नर होते. एक्कावन्नाव्या वर्षी योजना आली, घेतली. आल्यावर तीन महिने बरे गेले. मग यांनी एका सोसायटीत सुरक्षा सुपरवायझरची नोकरी धरली, बारा तासांची. पैशाची तेवढी निकड नव्हती. मी विचारलं, का? तर म्हणाले, "घरी बसलेला माणूस म्हणून कुणी बघायला नको." रात्रपाळीने सात महिन्यांत साखर वाढली, पाय सुजायला लागले. तेव्हा मी पहिल्यांदा जोरात बोलले. घरी बसलेला माणूस मला चालेल, आजारी पडलेला नको.

शेजारच्या मुलाने सांगितलं, की त्याच्या खासगी आयटीआयला तासिका तत्त्वावर निदेशक हवाय. यांनी दोन आठवडे टाळलं. "मला शिकवता येत नाही, मला फक्त काम येतं." शेवटी मीच अर्ज लिहून दिला.

एकदा डबा द्यायला गेले होते. शेडमध्ये सहा-सात लेथ चालू, कानाला काही ऐकू येईना. हे पाठ करून दुसऱ्या मुलाशी बोलत होते आणि मध्येच वळून कोपऱ्यातल्या मशीनकडे गेले, मशीन बंद केलं. त्या मुलाला म्हणाले, "टूल बोथट झालंय, आवाज ऐकला नाहीस?" मुलाने टूल काढून बघितलं, खरंच धार गेली होती. आता ती मुलं डोळे मिटून आवाज ओळखायचा सराव करतात. तासाला मिळणारे पैसे फार नाहीत आणि सुट्टीच्या महिन्यांत काहीच नसतं. पण हे आता रात्री झोपतात.

एक सांगायचं होतं, म्हणून लिहायला घेतलं. हा निर्णय घरात बोलून घ्या. यांनी सुपरवायझरची नोकरी धरली तेव्हा मला अपॉइंटमेंटचा कागद दाखवला, आधी विचारलं नाही. नोकरी त्यांची असली तरी रात्री दोनला उठून डबा मी भरत होते.

चौकी

जय हिंद. सातारा जिल्ह्यातलाच आहे. आमच्याकडे अपशिंग्यासारखी गावंच्या गावं फौजेत, त्यामुळे लवकर निवृत्ती ही आमच्यासाठी नवी गोष्ट नाही. आमच्या वेळी भरती झालेल्या शिपायाला पंधरा वर्षं झाली की पेन्शन बसते. मी अठरा वर्षं करून सदतिसाव्या वर्षी घरी आलो, तेव्हा मोठा मुलगा दुसरीत होता. आमच्यातल्या कुणालाही "दुसरं काम करू का नको" असा प्रश्न पडत नाही, करावंच लागतं.

राज्याच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी अभ्यास केला, दोनदा थोडक्यात हुकलं. मधे एटीएमवर गार्ड होतो. ओसरीताई म्हणाल्या तसं जड जातं. सीमेवर रात्रभर जागलेल्या माणसाला एटीएमच्या एसीत झोप यायला लागते, ते सहन होत नाही.

मग असं झालं, की सकाळी धावायला जायचो तिथे गावातली पोरं मागे यायला लागली. पोलीस भरतीची तयारी करणारी. मैदानी परीक्षा पन्नास गुणांची असते: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मैदानात निम्मे गुण पडल्याशिवाय लेखीला बोलावत नाहीत. ही पोरं यूट्यूब बघून पहिला राउंड जीव तोडून पळायची आणि तिसऱ्याला चालायची. मी घड्याळ लावून प्रत्येक राउंडचा वेळ बांधून दिला. पहिल्या वर्षी फी घेतली नाही. सातपैकी दोघं लागली. दुसऱ्या वर्षी पंचेचाळीस आली, तेव्हा महिन्याला फी ठेवली, गरिबाला माफ.

पाऊलवाट दादा, मी काही शोधलं नाही. पोरं आली. म्हणून म्हणतो, नोकरीत असतानाच लोक तुम्हाला कशासाठी विचारायला येतात ते आठवा. कामाबाहेरचं.

तळ्यात_मळ्यात

सगळ्यांबद्दल आदर आहे, पण एक वेगळं मत मांडतो. दुसरं काम धरलंच पाहिजे का? मी चोपन्नाव्या वर्षी बाहेर पडलो आणि दोन वर्षं काहीही केलं नाही. दुपारी झोपलो, आळंदीपासून पंढरपूरपर्यंत वारी पायी केली, वडिलांजवळ बसलो. त्या दोन वर्षांत वडील गेले. मी कामाला लागलो असतो तर त्यांच्याजवळ नसतो. आता गावच्या वाचनालयात संध्याकाळी दोन तास बसतो, मानधनाशिवाय. लोकांनी विचारलं तर मी सांगतो, निवृत्त आहे.

जोडारी

तळ्यात_मळ्यात, तुमचं पटतं आणि मनापासून पटतं. वडिलांजवळ बसलात ते कुठल्याही कामापेक्षा मोठं होतं. ज्याला दोन वर्षं मिळू शकतात त्याने घ्यावीत. मी घाई केली म्हणून जारच्या प्लांटमध्ये अडकलो. पहिल्या महिन्यात पैसे हातात असतात, डोकं जागेवर नसतं.

झुंजूमुंजू ताई, तुमचं लिहिणं बायकोला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मलाही पहिल्या पेटीच्या वेळी विचारलं नव्हतंत." खरं आहे. पेट्या परसात ठेवल्या आणि तिला दोनदा चावल्या. नंतर सगळ्या खालच्या रानात हलवल्या. आता मध गाळायचं यंत्र ती फिरवते, कारण माझ्यापेक्षा तिचा हात सावकाश चालतो आणि चौकटीतलं पोळं तुटत नाही. बाटल्यांवर तारीख, फुलोरा कुठला, हे तिच्याच अक्षरात असतं. अन्नसुरक्षेची नोंदणीही तिच्या नावावर केली. मी केली तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती.

चौकी दादा, तुमच्या मैदानावरच्या पोरांना मध लागला तर निरोप द्या.

पाऊलवाट, तुम्ही विचारलंत पेन्शन नसताना वर्षभर हेल्पर होणं कसं परवडेल. नोकरी सोडायच्या आधी व्हा. शनिवार-रविवार धरले तर वर्षात शंभर दिवस होतात. माझ्याबरोबर महाबळेश्वरला प्रशिक्षणात एक बँकवाले होते, ते नोकरीत असतानाच रजा टाकून आले होते. सहा महिने शनिवारी पेट्या हाताळल्या आणि मग ठरवलं, की हे आपलं काम नाही. त्यांचं नुकसान काय झालं? काही शनिवार आणि थोडे डंख. पुण्यात गणेशखिंड रस्त्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, तुम्हाला तर ती जवळच पडेल. मधमाशीच पाहिजे असं मी म्हणत नाही. लेथ असो, कोर्ट असो, मैदान असो, कुणाच्या तरी पाठीमागे उभं राहून बघा. भांडवल घालायचं ते त्यानंतर.

भाच्याला हा धागा पाठवला. त्याने रात्री फोन केला. पनीरच्या युनिटची मशिनरी बुक करायची होती ती थांबवली आहे. आधी आमच्या गावाजवळच्या एका डेअरीवाल्याकडे तो दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस पहाटे चारला जाणार आहे, दूध उतरवण्यापासून. डेअरीवाल्याशी मी बोललो. तो म्हणाला, "पाठवा, पण आठ दिवसांत कळणार नाही, पंधरा तरी पाहिजेत." भाचा रजा वाढवून घेतोय.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पेट्या तपासणार आहोत, पावसाळ्यानंतरची राणी कशी आहे, अंडी नीट पडताहेत का ते बघायला. पाऊलवाट, यायचं असेल तर या, मुलीलाही आणा. मला व्यक्तिगत निरोप टाका, पत्ता कळवतो. पेट्या उघडायच्या त्या ऊन चढल्यावर, दहाच्या पुढे, तेव्हा पहाटे निघायची गरज नाही. पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा शर्ट घाला, गडद किंवा लोकरीचं काही नको. सुगंधी तेल, अत्तर लावू नका. जाळीची टोपी माझ्याकडे दोन जास्तीच्या आहेत.